रानाकडची खिडकी

मंगळवार पेठ, कोल्हापूर
२ ऑगस्ट २०२३

सौ. वन्संना,
संयोगिताचा नमस्कार वि. वि.

मी बरी आहे. फोनवर यांचा विषय निघाला की तुम्ही पावसापाण्याचं विचारता, म्हणून पत्र लिहिते.

परवा दुपारच्या खेळाला एकटीच सिनेमाला गेले. तुमच्या दादांचं वर्षश्राद्ध व्हायच्या आत थिएटरात गेले, रागावू नका. बॉम्ब करणाऱ्या शास्त्रज्ञाचा सिनेमा होता. हे त्या माणसाविषयी आवडीनं वाचायचे. इंग्रजी मला निम्मं कळलं नाही. पण लोक त्याचं कौतुक करतात आणि तो मान खाली घालून उभा राहतो, तिथून पुढचं मला दिसेना.

यांच्या कीटकनाशकाला कंपनीनं बक्षीस दिलं, तेव्हा हे असेच उभे होते. पुढच्या रांगेत तुमचे आबा फेटा बांधून बसले होते. पुढं आबा ते औषध उघड्या हातांनी, उघड्या तोंडानं फवारायचे. पोरानं केलेलं औषध बापाला काय करतंय, असं साऱ्या गडमुडशिंगीला सांगायचे. मग त्यांची छाती बिघडली. डॉक्टर ठाम काही बोलले नाहीत, पण आबा गेले त्या दिवशी तुम्ही दारातच म्हणालात, की दादाच्याच औषधानं आबा गेले. राखी तेव्हापासून बंद. हे उलट बोलले नाहीत.

आबा आजारी पडायच्या आधीपासूनच हे हुपरीच्या एसटीत आबांच्या रानाकडच्या बाजूला बसत नसत. ऊन लागतं म्हणायचे, ढगाळ असलं तरी.

औषध वाईट आहे हे यांना ठाऊक होतं का? ठाऊक असून त्यांनी आबांना सांगितलं नाही का? मी कधी विचारलं नाही. आता घरात विचारायला कुणी नाही. तुम्हाला काही माहीत असेल तर, कसंही असलं तरी, लिहा.

राग असला तरी लोभ राहू द्या.
तुमची, संयोगिता

हुपरी
९ ऑगस्ट २०२३

ती. वैनीस,
अनुजाचा सा. न. वि. वि.

पाकिटावर सवयीनं सौ. लिहून बसले. बदललं नाही, पोटात घाला.

सिनेमाला गेलात त्याचा राग न्हाय. मला सोडून गेलात, मध्यंतरातले वडे एकटीनं खाल्लेत, त्याचा हाय.

तुमच्या सवालाचं उत्तर माझ्याकडं नाही. मी तेव्हा सासरी. दादा एकदा आठवड्याच्या मधेच रानात येऊन गेला आणि दोघांचं जोरात वाजलं, एवढं आई सांगायची. कशावरून, ते आबांनी तिलाही सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी मी गेले तर आबा उलट खुशीत. रस्त्याकडेच्या जोंधळ्यात बुजगावणं उभं केलेलं, त्याला कोरे रबरी हातमोजे, चष्मा, तोंडाला मास्क. माझा राजवीर तेव्हा लहान, तो त्याला साहेब म्हणून सलाम ठोकायचा. ज्याला भ्या वाटतंय त्यानं घालावं, आपल्याला काय गरज, असं आबा म्हणायचे. कुठनं आणलं होतं देव जाणे. दोन पावसाळे उभं होतं ते. हसू येतं म्हणून लिहिलं.

दादाला माफ केलं का, ते मात्र विचारू नका. अजून होत नाही.

जेवत जावा. माया हाय तशीच हाय.
अनुजा

मंगळवार पेठ, कोल्हापूर
१४ ऑगस्ट २०२३

सौ. वन्संना,
नमस्कार.

ते हातमोजे पिवळे होते आणि मनगटाशी काळी पट्टी होती. तुम्ही रंग लिहिला नाहीत, पण मला ठाऊक आहे, कारण यांनी मधेच रजा काढली त्या दिवशी पिशवी मीच भरून दिली होती. चष्मा आणि मास्कही त्यातच होता. कुणासाठी, ते यांनी सांगितलं नाही. संध्याकाळी रिकामी पिशवी घेऊन आले आणि जेवले नाहीत.

नंतर एसटीतून जाताना त्यांना ते बुजगावणं दिसलं असणार.

दारात तुम्ही बोललात तेव्हा हे सांगितलं असतं, तर दोष आबांवर गेला असता. म्हणून गप्प राहिले असतील. किंवा एवढं करून भागलं असं त्यांना स्वतःलाच वाटलं नसेल. ते आता मला कळणार नाही.

यंदा सण करायचा नाही, ठाऊक आहे. तरी राखी पौर्णिमेला मी हुपरीला येते. फोटोला राखी बांधा असं म्हणणार नाही. एसटीत रानाकडच्या बाजूला बसेन. आबांच्या रानापासून पुढं हुपरीपर्यंत शेजारी कुणी असावं असं वाटतं. जमलं तर गडमुडशिंगीच्या थांब्यावर येऊन थांबा. मी खिडकीत दिसेन.

तुमची,
संयोगिता