चुंबकाचं मशीन आलं

३ फेब्रुवारी, सोमवार

नळ आला. दोन हंडे भरले, ओटा पुसला, पोहे भिजवले. कांदा जास्त पडला म्हणून हे हसले, वर शेव घालून मुकाट्याने खाल्ले. डबा दिला. त्या सकाळी एवढंच. दुपारी फॅक्टरीतून निरोप आला – छातीत कळ आली, गेले. सहा वर्षं झाली. आज नळ आला तेव्हा तीच सकाळ समोर उभी राहिली.

ह्यांच्या जागी मला भंगार निवडायच्या सरकत्या पट्ट्यावर घेतलं. आम्ही नऊ जणी. लोखंड आधीच निघून जातं; उरलेल्या चुऱ्यातून तांबं, पितळ, ॲल्युमिनियम आम्ही वेचतो. आता ते काम करणारं मशीन येतंय. आज पाया भरला.

गोपाळरावांना, आमच्या सुपरवायझरना, विचारलं, "आम्हा नऊ जणींचं काय?" म्हणाले, "बघू वहिनी." बघू म्हणजे काय, ते देवासमध्ये सगळ्यांना कळतं.

४ फेब्रुवारी

क्रेन आली. मशीन केवढं! बायका जेवण सोडून बघायला. आमच्यातली नीतू म्हणाली, "मावशी, ये तो अपनी सौतन आ गई!" इतकं हसलो की माझं ताक सांडलं.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

बसवायला इंदूरचा इंजिनिअर आलाय, प्रणव. आडनाव मराठी, बोलणं निम्मं हिंदी. मी मशीनवरचा तक्ता वाचत होते, तर म्हणाला, "काकू, कितनी पढ़ी हो?" म्हटलं, दुसरी. बाकीचं रद्दीने शिकवलं. फॅक्टरीत पुस्तकं येतात ना भंगारात – पानं फाटलेली असली की शेवट आपणच लावायचा! त्याने मला माहितीपुस्तकच दिलं. हिंदीत आहे. घरी आणलंय.

८ फेब्रुवारी

पुस्तक अर्धं झालं. पट्ट्याच्या टोकाला ढोल, त्यात चुंबक गरगर फिरतात. कचरा खाली पडतो, आणि तांबं-ॲल्युमिनियम उडी मारून पलीकडच्या कप्प्यात! चुंबकाला न चिकटणारी वस्तू चुंबकाने उडते. दोनदा वाचलं. हे असते तर वाद घातला असता – "असं होतच नाही!"

१० फेब्रुवारी, सोमवार

आज लाज आणली मी.

सकाळी पूजा झाली. ओवाळायला नीतूला पुढे केलं, मी मागे. सवय आहे. पण नवीन मशीन आलं की हे लिंबू-मिरची बांधायचेच. म्हणून सगळ्यांच्या आधी येऊन मी बांधली होती – लोखंडी तारेत ओवून, ढोलाच्या अगदी शेजारी! आपलं काम खाणाऱ्या मशीनला दृष्ट लागू नये म्हणून मीच झटतेय! वेडी कुठली.

बटण दाबलं. ढोल फिरला आणि तार सुटून पट्ट्यावर चिकटली. लिंबाच्या चिंधड्या गोपाळरावांच्या सदऱ्यावर! मग रबर जळल्याचा वास. मला एकदम माहितीपुस्तकातलं पान आठवलं – लोखंड राहिलं तर तापून पट्टा जाळतं. धावले, लाल बटण दाबलं.

प्रणव ओरडला, "तार किसने बांधी?" मी म्हणाले, "मी. आणि बंदही मीच केलं." तो हसायलाच लागला, इंदुरी थाटात सगळ्यांना म्हणाला, "भिया, पूरी किताब इन्हींने पढ़ी है!" पट्ट्याला फक्त डाग पडलाय. वाचले.

११ फेब्रुवारी

चाललं! पाण्याबाहेरच्या माशांसारखे तुकडे उड्या मारत होते. आम्ही टाळ्या वाजवल्या. आमच्याच पोटावर पाय देणारं मशीन, आणि आम्हीच टाळ्या! काय करणार, होतंच तसं सुंदर.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार



पलीकडच्या कप्प्यात ढीग पडला, पण सगळं एकत्र – तांबं, पितळ, ॲल्युमिनियम, सगळं काळं मळकट. गोपाळराव म्हणाले, घेणाऱ्याला वेगवेगळं पाहिजे. प्रणव म्हणाला, "ये मशीन इतना ही करती है, काका."

मी घमेलं ओढलं. हलकं ते ॲल्युमिनियम, बाजूला. जड तुकड्यावर कानशीचा एक ओरखडा. लाल, तांबं. पिवळं, पितळ. नीतू बसली, मग बाकीच्या बसल्या. चहा येईपर्यंत तीन ढीग तयार. नुसता कानशीचा आवाज.

गोपाळरावांनी तिन्ही ढिगांतून एकेक तुकडा उचलून पाहिला. मग म्हणाले, "तुमचा पट्टा मशीनच्या पुढे, त्या कप्प्याच्या तोंडाशी लावू. नऊच्या नऊ राहा." नीतूने मशीनचा मुका घेतला! ग्रीस लागलं नाकाला.

१५ फेब्रुवारी

धारकडच्या आपल्या कारखान्यातही हेच मशीन लागतंय. गोपाळराव म्हणाले, "तिथल्या बायकांना वहिनी शिकवतील." मी नाही म्हणाले. हे गेल्यापासून देवासबाहेर एकटी गेले नाही. आणि लोकांसमोर बोलायचं? मी? दोन वर्ग शिकलेली?

नीतू तोंड फिरवून म्हणाली, "फिर किताब काहे को पढ़ी?"

१६ फेब्रुवारी, रविवार

दिवसभर चिडचिड. नीतूवर नाही. स्वतःवर.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

रविवारी रात्रीच गोपाळरावांना 'जाते' म्हणून कळवलं, आणि काल सकाळी सहाच्या बसने एकटी धारला गेले. अकरा बायकांसमोर उभी राहिले, हातात दोन तुकडे घेतले आणि बोलायला लागले.