फडक्यात बांधलेली मूठ

मु. भीमपूर, जि. आदिलाबाद
१२ नोव्हेंबर १९८६

माही लाडाची जयवंता,

तुले आन जावईबापूंना प्रभूच्या नावानं बापाचा सलाम. मी मजेत हाये. गुडघे कुरकुरतात, पन ते तर तुह्या लग्नातबी कुरकुरत होते. कापसाची वेचनी चालू हाये. गाय व्याली, कालवड झाली. खरवस आळीत वाटला. तुही लय आठवन आली, म्हून तुह्या वाट्याचा मीच खाल्ला.

तू इचारलं, मुठीचं गाडगं चालू हाये का? हाये ना! तुही माय जाऊन तीन वर्सं झाली, पन तिचा कायदा मी मोडला नाई. चूल पेटवायच्या आधी मूठभर जवारी चर्चच्या मंडळीसाठी ठिवलेल्या गाडग्यात टाकायची, आन टाकताना त्या दिवसाचा एक आनंद देवाले मोठ्यानं सांगायचा. आनंद सापडला नाई तर चूल नाई. पयले मले लय राग यायचा. घर रिकामं, पोट रिकामं, हातात जवारी, आन आनंद कुठून आनू, कपाळ! एकदा तर दुपार कलली तरी उपाशी बसलो होतो. मंग वर पाह्यलं, तं चिमनीनं आढ्याले घरटं बांधलं होतं. म्हनलं, "देवा, घरात कोनी तरी रायले आलं, उपकार तुहे." टाकली मूठ, थापली भाकर. आता सकाळी उठल्यापासून डोळे आनंदच हुडकून राह्यतात. तुही माय शहानी होती. मले उपाशी ठिवून हसाले शिकवून गेली.

गाडगं न्यायले मंडळीकडून दर शनिवारी सोनाबाई येतात. आपल्या शाळेतले रामाजी मास्तर वारले ना, त्यांच्या घरवाल्या. लेकरंबाळं नाई, पन हसतात अशा की नाल्याच्या पलीकडं ऐकू जाते. मी चाय ठिवतो. त्या म्हनतात, "डोमाजीभाऊ, ही चाय हाये का काढा?" बस, एवढंच. बाकी काई नाई.

हरभरा पेरला. माह्या सदऱ्याले गुंड्या नव्हत्या, त्या सोनाबाईनं लावून देल्या. तेबी सहज.

आता तुले माही फजिती सांगतो, हसू नको. गाडगं आधीच भरलं तं निरोप धाडायचा, मंग त्या मधातबी येऊन नेतात, असा आपल्याकडचा रिवाज. म्हून मी एकाच्या जागी दोन मुठी टाकाले लागलो. मंग तीन. गाडगं बुधवारीच काठोकाठ! कनगी रिती झाली, आन स्वतःच्या शेताचा मालक बाजारातून जवारी आनून खाऊन राह्यला!

एक दिवस सोनाबाईनं गाडगं उचललं आन तसंच खाली ठिवलं. "माणिकरावच्या घरी एवढं मोठं खटलं, तथं गाडगं अर्धं भरते. एकट्या मानसाचं आठवड्यात दोनदा कसं भरते हो?"

मी म्हनलं, "आनंद वाढला हाये."

"कोनता?"

मी चायची बशी पुसाले लागलो.

"झाकली मूठ सव्वा लाखाची म्हनतात," त्या म्हनल्या, "पन मूठ उघडल्याबिगर जवारी गाडग्यात पडत नाई, भाऊ."

मंग मी उघडली, बेटा. सारं सांगून टाकलं. कान असे तापले! त्या पयल्यांदाच हसल्या नाई. चुलीतलं लाकूड मांगं सारलं. मंग म्हनल्या, "आता तुमाले भाऊ म्हनता यायचं नाई. पन पयले जयवंताले इचारा. तिचं मन दुखवून मी तिच्या मायच्या चुलीपुढं बसनार नाई."

पाळकसाहेब तीन रविवार मंडळीपुढं लग्नासाठी आमची नावं वाचायले तयार हायेत. कोनाची हरकत हाये का, इचारतात ना, तसं. मीच थांबवलं. मंडळीच्या हरकतीले मी भेत नाई. तुह्या हरकतीले भेतो.

तुह्या मायले इसरलो असं समजू नको. तिचं हिरवं लुगडं पेटीत हाये, ते तुहंच हाये. पन आनंद हुडक असं तिनंच शिकवलं, आन मी हुडकला तं तो इथं सापडला. आता मी काय करू, सांग?

रोजची मूठ मी टाकतोच. आजची कालवडीच्या नावानं टाकली. पन ह्या आनंदाची मूठ येगळी काढून फडक्यात बांधून ठिवली हाये. तू नाई म्हनशील तं कोंबड्यायले टाकीन, आन तुह्यावर रुसनार नाई, देवाशप्पथ. हो म्हनशील तं तूच ये, आन तुह्या मायच्या गाडग्यात तुह्या हातानं टाक.

नवी चूल पेटवायले थांबलेला,
तुहा बाबा