सात एकांची संख्या

परंडा, श्रावण वद्य पंचमी, १९४८

आज संख्या फुटली. श्रीधर आला नाही.

निजामाविरुद्ध लढणाऱ्या पोरांत सामील व्हायला हद्दीपलीकडे निघाला, तेव्हा म्हणाला होता, "आई, सात एक ओळीने लिही: १११११११. हिला कशाने भाग जातो ते काढून ठेव. तोवर येतोच."

ज्यांना सातने भागल्यावर एक उरतो, तेवढ्याच मूळ संख्या तपासल्या तरी पुरे. कॉलेजात शिकलेली ही जवळची वाट. मी घेतली नाही. तीन, सात, अकरा, एकेक घेत बसले. लवकर संपवून करणार काय होते?

सासूबाई पाटी बघून म्हणाल्या, "आकडं भागून लेकरू माघारी येतंय व्हय गं? अन् माझ्या नवसाला हसतीस!"

पुढचा भागाकार मांडला. हसतेच मी.

२३९ ने भाग गेला. बाकी शून्य. चूक सापडावी म्हणून तीनदा ताळा केला. सापडली नाही. दाराशी कोणी नाही.

भागाकार ४६४९. हीसुद्धा फुटते का, हे त्याने विचारले नव्हते. आला असता तर विचारले असते.

पाटी पुसली. ४६४९ घेऊन पुन्हा तीनपासून सुरू केले आहे. जवळच्या वाटेने नाही.