चादरीचं दुसरं टोक

प्रिय ताई,

अक्षराला हसू नकोस. चौथीनंतर पेन हातात धरलं ते फक्त सही करायला. सुट्टीचं काय झालं, हेच तुला आधी ऐकायचं असणार. लग्न तोंडावर आलंय आणि पप्पांच्या जागी तुझा हात धरून वेदीपर्यंत मीच यायचंय. सांगतो. पण आधी लंबूचं ऐक, नाहीतर पुढचं कळायचं नाही.

लंबू म्हणजे लाँड्रीतला माझा जोडीदार. हॉस्पिटलच्या चादरी वाळून आल्या की एक टोक त्याच्या हातात, दुसरं माझ्या. ताणायचं, झटकायचं, जवळ यायचं, टोकं जुळवायची, परत मागे. दिवसभर हेच. भांडण झालं तरी सोडून जाता येत नाही, चादर खाली पडते. खोलीतही खालचा पलंग त्याचा, वरचा माझा. खिडकी आहे, पण समोर दुसऱ्या इमारतीची भिंत. माझा पासपोर्ट साहेबांच्या ऑफिसातल्या कपाटात. कधी कधी वाटतं, मलाच कुणीतरी घडी घालून फळीवर ठेवून दिलंय.

गप्प बसणं आपल्याला कुठे जमतं? या परक्या देशात आल्या आल्या मी त्याला प्रभूबद्दल सांगायला लागलो. चादर जवळ आली की एक वचन, मागे गेली की तो मोकळा. अडलो की तुला फोन करायचो आणि तू दिलेलं उत्तर दुसऱ्या दिवशी माझंच म्हणून त्याला चिकटवायचो. तो म्हणायचा, अरे पोपटा, तुझ्या देवानं तुला कमिशनवर ठेवलंय का? सगळी खोली हसायची, मी आणखी पेटायचो. आत्मा जिंकायचा राहिला बाजूला, मला वाद जिंकायचा होता.

मग गावी त्याचा धाकटा भाऊ वारला. लाँड्रीचे साहेब म्हणाले, आधीच माणसं कमी आहेत, आत्ता सोडता येणार नाही. लंबू मळक्या कपड्यांच्या खोलीत जाऊन बसला, बाहेर येईचना. सगळे माझ्याकडे बघायला लागले. जा की पोपटा, आता बोल. मी आत गेलो, ताई. तुला फोन लावायला खिशात हात घातला आणि तसाच काढून घेतला. चादरींच्या गठ्ठ्यावर त्याच्याशेजारी बसलो. मनातल्या मनात म्हणत राहिलो, प्रभू, माझ्याकडे काही नाही, तूच काय ते कर. शेवटी तोच म्हणाला, ओठ हलतायत, कोणाशी बोलतोयस? म्हटलं, तुला काय सांगू ते त्याला विचारतोय. मग, काय म्हणतो तो? मी खरं सांगितलं, अजून काहीच नाही. लंबू रडता रडता हसला. म्हणाला, म्हणजे तुलाही ताटकळतच ठेवतो. विचार, विचार. मी बसतो.

तेव्हापासून जेवणाच्या सुट्टीत आम्ही तिथे बसतो. तो भावाचं सांगतो. मी त्याच्यासाठी प्रार्थना करतो, तो डोळे उघडे ठेवून ऐकतो. परवा आपणहून विचारलं, तुझ्या येशूचं कुणी जवळचं मेलं होतं का? मी लाजरची गोष्ट काढली, येशूनं मेलेल्या मित्राला थडग्यातून उठवलं ती. येशू रडला तिथपर्यंत आलो, तर त्यानं माझा हात धरला. म्हणाला, थांब, आज इथपर्यंतच. पुढचं ऐकेन, पण सावकाश.

काल साहेबांनी बोलावलं. टेबलावर माझा पासपोर्ट, त्यावर सुट्टीचा कागद. माणूस वाईट नाही गं. म्हणाले, खोलीतल्या दोघांची तक्रार आहे, इथे कामाला आलायस, प्रवचनाला नाही. तुमची ती बैठक बंद, लंबूशी कामापुरतंच बोलायचं. एवढा शब्द दे आणि जा बहिणीच्या लग्नाला. गंमत बघ, इतके दिवस बडबडलो तेव्हा कुणी अडवलं नाही. आता कुठे गप्प बसायला शिकलो, तर गप्प बसण्याचा शब्द मागतात.

मी हो म्हटलं नाही, ताई. शूर वगैरे काही नाही. खोटंच हो म्हणावं आणि विमानात बसावं, असंही मनात आलं. पण लंबूला सांगत होतो त्या गोष्टीतला लाजर अजून थडग्यातच होता, आणि त्याला तिथे ठेवून मला निघता येईना. पासपोर्ट परत कपाटात गेला. मी केलं ते बरोबर की नुसता हट्ट, हेही प्रभूनं अजून सांगितलेलं नाही. फोनवर तुझा आवाज ऐकला असता तर धावत जाऊन शब्द देऊन आलो असतो, म्हणून हे पत्र. मी लग्नाला येत नाही. हवं तेवढं रागाव, पण मामांना आजच सांगून ठेव, त्या दिवशी तुझा हात त्यांनी धरायचा. आणि त्यांना माझा निरोप दे, हळू चाला म्हणावं, तिला घाई केलेली चालत नाही.

तुझाच,
धाकटा