काळुरामच्या कारखान्यातली अंगणवाडी

४ जुलै १९९४, सोमवार
माझ्यावर घोर अन्याय झाला आहे! रोह्याच्या सभेत मला डुगडुगणारी खुर्ची मिळाली. बाकीचे सभासद राज्याच्या शिक्षणाला स्थैर्य देत होते—मी नुसता तोल सांभाळत होतो.
समितीचं नाव: ‘अंगणवाडी ते महाविद्यालय—सुधारणा’. मला का घेतलं? साप्ताहिकात मी सगळ्यांना टोचतो; आत घेतलं की टोचणार नाही, असा होरा. चहा बरा होता. बहुतेक टोचणार नाही.

६ जुलै
पहाटे स्वप्न. एकच लांबलचक शाळा—आमच्या गावापासून, जोह्यापासून, थेट रोह्यापर्यंत, भातशेतांतून गेलेली. या टोकाला पोरं रांगत आत शिरतात, त्या टोकाला पदवी घेऊन बाहेर पडतात. मधे कुठे भिंत नाही, दाखला नाही. खिडक्यांतून खाडीचा वारा. मी पाटी घेऊन चाललोय आणि कुणी विचारत नाही, तुम्ही कोण?
सभेत सांगितलं तर अध्यक्ष म्हणतील, अंदाजपत्रक जोडा.

९ जुलै
समितीच्या वतीने पाहणी! लांब नाही—चार घरं पलीकडे, काळुरामच्या गणपतीच्या कारखान्यात. तिथेच एका कोपऱ्यात आमची अंगणवाडी भरते. बिल्किसबाई पोरांकडून गाणं म्हणून घेत होत्या. भोवती फळ्यांवर कच्च्या पांढऱ्या मूर्ती, डोळे अजून आखायचे. ढगांतून कवडसा आला, त्यात पांढरी भुकटी तरंगत राहिली. पोरं आणि गणपती, सगळे एकाच वर्गातले. मी किती वेळ उभा होतो कोण जाणे.
“बघून घ्या, भाऊ,” काळुराम म्हणाला. “सोमवारपासून ही जागा मला लागंल. पोराचा धक्का लागून सोंड गेली तर गिऱ्हाइकाला काय दावू?”
“आणि पोरं?”
“गणपती गेल्यावर! दर वर्षी तसंच हाय.”
बिल्किसबाई हळूच म्हणाल्या, “दर वर्षी वर कळवते. वरून येतं, जागा बघा. बघतेच हाय, भाऊ.”

११ जुलै
सकाळी पुतळी आली. शेजारच्या बायजाबाईची सून. लेकीला, सरूला, अंगणवाडीत सोडून पेणला कॉलेजला जाते—जायची. दोन वर्षं साप्ताहिकाचा माझा लेख तीच तिथल्या छापखान्यात टाकते.
“काका, लेख आता तुमीच न्या. मी नाय जात.”
“सासू आहे ना घरी?”
“घरी कोन हाय? सगला गाव कारखान्यात. सरूला कोन बघंल? गेल्या साली पन हजेरी भरली नाय, परीक्षेला बसू दिला नाय. यंदा पन तसा झाला तर घरातले बोलतील, पुरे झाला शिकना.”
मी समितीचं सांगितलं. ती हसली.
“तुमचा समितीचा गनपती कंदी बसनार, काका?”
असलं वाक्य मला का सुचत नाही!

१२ जुलै
रोहे. अंगणवाडीच्या जागेचा मुद्दा मांडला, जोरात. “सुंदर मुद्दा,” अध्यक्ष म्हणाले. “परिशिष्टात घेऊ.”
परिशिष्ट! अहवाल दिवाळीनंतर.
परतताना एस.टी.त डोळा लागला. तीच लांब शाळा. पण पहिल्याच दाराला बाहेरून कडी—आणि पार त्या टोकाला, शेवटच्या वर्गात, पुतळीचा बाक रिकामा. माणगावचा एक गृहस्थ माझ्या खांद्यावर घोरत होता म्हणून जागा झालो.

१३ जुलै
ओटीवरची पुस्तकं, टेबल, मासिकांचे गठ्ठे—सगळं माजघरात. कंबर धरली. बिल्किसबाईंना निरोप पाठवला: उद्यापासून पोरं माझ्या ओटीवर आणा. पुतळीलाही.

१४ जुलै
पुतळी सकाळच्या गाडीने पेणला गेली. लेख नाही दिला—ओटीवर लिहू देतं कोण! सरू माझ्या मांडीवर झोपलीय, पायाला मुंग्या आल्यात. हललो नाही. दोन वर्षं तिने माझे लेख वाहिले, त्याचं देणं आजपासून थोडं थोडं फिटेल. तिला सांगायचं नाही.