जाळीपलीकडचा कान

४ ऑगस्ट
नोकरी लागली! घरातली पहिली पदवीधर आजपासून विद्यापीठाच्या ग्रंथालयात. इमारत म्हणजे जुनं चर्च. बाकांच्या जागी पुस्तकांची कपाटं, रंगीत काचांतला उजेड थेट माझ्या टेबलावर. आत बोलायला बंदी, मोबाईललाही. ग्रंथालयाचा फोन ठेवलाय कोपऱ्यातल्या लाकडी खोलीत. तिथे पूर्वी लोक पापं कबूल करत. मधे जाळी, पलीकडे धर्मगुरूंचा कप्पा, आता खिळे ठोकून बंद. आईला तिथूनच फोन केला. म्हणाली, उपाशी राहण्याखेरीज तू कसलं पाप करणार, आधी जेव.

९ ऑगस्ट
छकुलीलाही इथेच शिकवायचं. माझी धाकटी बहीण, तिला अक्षरं मीच गिरवून दिली. बाबा म्हणतात, एक शिकली तेवढं पुष्कळ झालं. रोज जेवणाच्या सुट्टीत त्या खोलीतून त्यांची मनधरणी करते. आज जाळीपलीकडे कोणीतरी श्वास घेतल्यासारखं वाटलं. शेजारच्या टेबलावरची चष्मेवाली चोरून ऐकते, दुसरं कोण?

१३ ऑगस्ट
चष्मेवालीला आडून विचारलं. तिने फणकाऱ्याने सुनावलं, तुझ्या घरच्या भानगडींत मला काय रस? मी तर त्या खोलीत पायही ठेवत नाही, भर उन्हात अंगणात जाऊन मोबाईलवर बोलते. का, ते मात्र सांगेना.
आई विचारत होती, तुझ्यामागून तुझेच शब्द कोण पुटपुटतं? आधी घोगरं होतं, हल्ली अगदी तुझ्यासारखं.

१६ ऑगस्ट
शिपाईकाकांना गळ घालून पलीकडचा कप्पा उघडवला. रिकामा. सगळीकडे धुळीचा थर. फक्त जाळीला गाल टेकेल तिथलं लाकूड गुळगुळीत, ओलसर. आता त्या खोलीत जाणार नाही.

२० ऑगस्ट
अंगणातून मोबाईलवरून घरी फोन केला. आई म्हणाली, अगं, सकाळीच तर बोललीस. बाबांना कसं गोड बोलून पटवलंस! छकुली निघालीसुद्धा. थेट कोपऱ्यातल्या खोलीत ये, असं मीच सांगितलं म्हणे. मी नाही — मी फोनच —

२१ ऑगस्ट
छकुलीची बॅग त्या खोलीच्या दाराशी. आत ती हसतेय. आणि मी हसतेय. कडी आतून. हाक मारली, तर माझाच आवाज तिला म्हणाला, उघडू नकोस हं, बाहेर कोणीतरी ताईचा आवाज काढतंय.
शिपाईकाका पहार आणायला —
हे पान फाडून फटीतून सरकवते. छकुले, आवाजावर जाऊ नकोस, अक्षर बघ. मीच गिरवून दिलेलं. कडी काढ. मी बाहेर आहे, ताई मी, ती —