सात नंबरच्या टेबलावरचा लढा

८ जानेवारी, सकाळी ७
काल लग्नाचा तिसावा वाढदिवस. लेकीने हट्टाने त्या नव्या रेस्टॉरंटमध्ये नेले. समोर काळी पाटी आली. पाटीवर बीटच्या तीन चकत्या आणि एक पान. मी आयुष्यभर मास्तरकी केली. ज्या पाटीवर माणूस अक्षर शिकला, तिच्यावर ही थट्टा? उभा राहिलो. भूक आणि दिखावा या विषयावर अकरा मिनिटे बोललो. लेक मेनूकार्डामागे गेली, जावई फोनमध्ये. बायको म्हणाली, अहो, बसा, लोक बघतायत. बघत होतेच. चमचे खाली ठेवून. शेवटी टाळ्या. मालकीणबाई, लेकीच्याच वयाची, दारापर्यंत सोडायला आली. घाबरली असावी.

९ जानेवारी
मालकीणबाईचा फोन. काका, तुमचं शंभर टक्के पटलं, शनिवार-रविवार संध्याकाळी याल का, खिडकीजवळचं सात नंबरचं टेबल तुमचं, मनात येईल ते बोला. मी अट घातली, एक शब्द कापायचा नाही. मान्य. मानधन नाकारले. जेवण मात्र घ्यावेच लागेल म्हणाली. शत्रूचे शस्त्र जवळून पाहिले पाहिजे, म्हणून तेवढे स्वीकारले. यांना आतूनच सुरुंग लावतो.
बायकोने निवृत्तीच्या दिवशीच्या शब्दाची आठवण करून दिली. तीस वर्षं तुमच्या सभा झाल्या, आता संध्याकाळी घरी, दोघांचं जेवण बरोबर, असं कोण म्हणालं होतं? मीच. शब्द पाळणार. ३१ जानेवारीला तिथून बाहेर. लिहून ठेवतो म्हणजे पक्के.

११ जानेवारी
कालची पहिली चढाई यशस्वी. काचेच्या घुमटाखाली धूर, धुरात एक मशरूम. म्हणालो, हा धूर अन्नाला वास देण्यासाठी नाही, तुमच्या डोळ्यांवर झापड आणण्यासाठी आहे. टाळ्या. एका कुटुंबाने माझ्याबरोबर फोटो काढला. टेबलावर छोटे कार्ड होते: ‘रागीट काका, शनि-रवि’. लोकांनी दिलेली पदवी नाकारणे उद्धटपणाचे.
मशरूम वाईट नव्हते. नोंद फक्त अभ्यासासाठी.

१७ जानेवारी
आज थेट घाव घातला. उद्यापासून इथे येऊ नका, घरी जा, आपल्या माणसांसोबत जेवा, असे ठणकावले. परिणाम: पुढचे चार शनिवार फुल. इथे येऊ नये हे ऐकायला लोक इथे येत आहेत. विचार पसरतो आहे.
जुना वेटर जवळ वाकून म्हणाला, काका, तुमचं ते ‘लाज वाटू द्या’चं वाक्य मेन कोर्सच्या आधी घ्या, नंतर लोक सुस्तावतात. मुद्दा तांत्रिक. मान्य केला.

१८ जानेवारी
टाळ्यांचा संशय येऊ लागला आहे. म्हणून आज मौन. भिंतीकडे तोंड करून बसलो. एक शब्द नाही, एक घास नाही. अर्ध्या तासाने मान आखडली म्हणून खुर्ची वळवायला गेलो, तर वेटर म्हणाला, काका, अजून वीस मिनिटं कळ काढा, आठ नंबरवाले आत्ताच आलेत, त्यांनी पाहिलं नाही. बसलो. मालकीणबाई भारावली होती. मौन दर रविवारी ठेवू या का, विचारत होती.

२२ जानेवारी, दुपारी
बायको आता शनिवार-रविवारी सातलाच एकटी जेवते. माझे झाकून ठेवायचेही बंद केले. विचारत होती, तिथे पोटभर जेवता ना? म्हटले, तो लढा आहे, जेवण नव्हे. मग घरी येऊन फ्रिजपुढे का उभे राहता? प्रश्न भावनिक होता.
करडी पँट धुलाईत आटली आहे. लाँड्रीवाल्याला खडसावणे.

२४ जानेवारी
दुपारी जाऊन राजीनामा तोंडावर फेकला. मालकीणबाई म्हणाली, बरोबर आहे काका, तुमच्या जागी मी असते तर कधीच गेले असते. भिंतीला धडक द्यायला जावे, तर भिंत बाजूला सरकते आणि कॉफी घेणार का विचारते. नवे डेझर्ट चाखून परत आलो.
निर्णय: राजीनामा जाहीर. ३१ तारखेला, भर गर्दीत, बायकोसमोर. तिला सांगितले. खरंच? असे दोनदा विचारले तिने. मग लेकीला फोन करून कळवले की पुढच्या शनिवारी बाबा घरी जेवणार, मी काय करू ते सांग.

१ फेब्रुवारी, सकाळी
आयुष्यातले सर्वोत्तम भाषण. म्हणालो, ज्या माणसाने तीस वर्षे सगळ्या गावाला जागे केले, त्याने घरातल्या एका माणसाला तीस वर्षे ताटकळत ठेवले. ही खुर्ची मी या क्षणी सोडतो. बायको उठली. माझी पिशवी घेतली आणि दारात जाऊन उभी राहिली. डोळे पुसत होती. मीही निघालोच होतो. पण उशिरा आलेल्या दोन टेबलांची सुरुवात हुकली होती. वेटर म्हणाला, काका, फक्त सुरुवात परत घ्या. मी तिला हाताने दहा मिनिटांची खूण केली. तिने पिशवी दारावरच्या माणसाकडे दिली आणि गेली.
दुसऱ्या वेळी आवाज अधिक लागला. ‘ताटकळत’ला एक बाई रडली.
घरी ओटा पुसून स्वच्छ. तिने केलेले सगळे शेजारी देऊन टाकले होते.

१५ फेब्रुवारी
राजीनामा मार्चअखेरपर्यंत फुल. शनिवार-रविवार, रोज दोनदा. साडेसहा आणि आठ. मालकीणबाईचे म्हणणे, सात मिनिटे फार होतात, सूप गार होते. चारवर आणला. सभ्यता, भूक, दिखावा हे मुद्दे गेले. बायकोचा भाग ठेवला, तोच चालतो.
परवा तिला म्हटले, येत जा ना, तू दारात जाऊन उभी राहिलीस की फार परिणाम होतो. ती म्हणाली, मी परिणामासाठी उभी नव्हते.
तिच्या जागी वेटरची बहीण उभी राहते. पिशवी धरते छान, पण फार लवकर उठते. तालमीसाठी आता शुक्रवारीही जावे लागणार.